औषधाची कॅप्सूल आणि फवारणीचा डबा : एकाच पाटाचे पाणी



मागील हंगामात लागणीची नोंद देण्यासाठी आमच्या एका गट ऑफिसात एक जुने सभासद आले होते. नोंद झाली, चहा झाला, तरी आबा काही उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारायचं होतं. आमच्या आईला विसरायला होतंय. चहा घेतलेला आठवत नाही, दिवस मावळला की 'मला माझ्या घरी नेऊन सोड' म्हणती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी कॅप्सूल चालू केल्यात. आता आमचा नातू फार्मसीला आहे, तो म्हणतो, 'आजोबा, ही कॅप्सूल आणि तुमचं उसात टाकायचं औषध एकाच जातीचं आहे.' हे ऐकलं आणि मी कॅप्सूल बंद केल्या. आठ दिवस झाले. आईला काय आम्ही कीडनाशक चारत होतो का, साहेब?"

मी डॉक्टर नव्हे. शेतकी पदविका घेतलेला माणूस. हुमणी, खोडकीड, बेणेप्रक्रिया हा माझा प्रांत. पण कीडनाशकाच्या अंगाने हा विषय आम्हांला शिकावा लागतो. आबांचा नातू बोलला ते खोटे नव्हते, परंतु ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे काय, ते आपणा सर्वांना माहीत असणे फार जरुरीचे आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. ज्या डॉक्टरांना भेटून मी शंका विचारून घेतल्या त्यांचे म्हणणेही यात आहे.

मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत कसा पोहोचतो?

आपण कोयता उचलतो तेव्हा मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूतून विजेच्या लहरीसारखा हाताकडे धावतो. पण मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. दोहोंमध्ये फट असते. ती केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान. ही फट लहर ओलांडू शकत नाही. तेथे तंतूच्या टोकाकडून एक रसायन सुटते, फट ओलांडते, स्नायूवर जाऊन बसते आणि स्नायू आकसतो. या रसायनाचे नाव ॲसिटिलकोलीन.

हे कळले कसे, त्याची हकीकत मजेदार आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. १९२१ साली एका रात्री त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी चिठ्ठीवर खरडले आणि पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तो स्वतःचे अक्षर स्वतःलाच लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तोच विचार परत आला, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदये घेतली. एकाला जोडलेला तंतू चेतवला, तसे ते हृदय मंदावले. त्या हृदयाभोवतीचे पाणी काढून दुसऱ्या हृदयावर सोडले, तर त्याचा तंतू चेतवलेला नसतानाही तेही मंदावले. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता; तो विजेचा नव्हता, रसायनाचा होता. इंग्लंडचे हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीनवर आधीपासून काम केले होते. १९३६ साली या दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

यातच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ॲसिटिलकोलीनने हातापायाचा स्नायू आकसतो, पण हृदय मात्र मंदावते. लाळ, घाम, डोळ्यांतील पाणी सुटते, आतडी जोरात चालतात, डोळ्याची बाहुली बारीक होते, लघवीची पिशवी आवळते. मेंदूत आठवण ठेवण्याच्या कामीही त्याचा वापर होतो. रसायन एकच, पण ठिकाण बदलले की काम बदलते.

पाट, पांढरी मुळी आणि निचऱ्याचा चर

आपल्या भाषेत सांगायचे तर मज्जातंतू म्हणजे पाट. ॲसिटिलकोलीन म्हणजे पाटातून सरीत आलेले पाणी. स्नायूवर ते धरून घेणाऱ्या ज्या बारीक जागा असतात त्या म्हणजे उसाची पांढरी मुळी. पाणी आले, मुळीने घेतले, काम झाले.

पण पाणी आल्याइतकेच ते जाणेही महत्त्वाचे. निचरा नसला तर रान पाणथळ होते, मुळी गुदमरते, ऊस पिवळा पडतो. ज्यांची जमीन नदीकाठची भारी काळी आहे त्यांना हे सांगायला नको. शरीरातही निचऱ्याची सोय आहे. कोलीनेस्टरेज नावाचे एन्झाइम, म्हणजे विकर, त्या फटीत बसलेले असते. काम झालेले ॲसिटिलकोलीन ते तिथल्या तिथे तोडून टाकते. त्याचा वेग असा की एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. म्हणून तर मुठीत धरलेला कोयता आपण पाहिजे तेव्हा सोडू शकतो. हा झाला निचऱ्याचा चर.

आता कोठे पाणी कमी पडत असेल तर शेतकरी दोन गोष्टी करू शकतो. एक, बाहेरून पाणी आणून सोडणे. दोन, चराच्या तोंडाशी थोडी आड लावून आहे तेच पाणी जास्त वेळ रानात ठेवणे. वैद्यकशास्त्रातही नेमक्या याच दोन तऱ्हेची औषधे आहेत.

पहिली तऱ्हा : नक्कल करणारी औषधे

खुद्द ॲसिटिलकोलीन टोचून फारसा उपयोग होत नाही, कारण ते रक्तात शिरताच तुटते. म्हणून त्याच्यासारखेच वागणारे, पण लवकर न तुटणारे पदार्थ वापरतात. ब्राझीलमधील जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानातून पिलोकार्पिन मिळते. काचबिंदूमध्ये डोळ्यातील पाण्याचा दाब वाढून दृष्टीची नस मरत जाते. काही रुग्णांत पिलोकार्पिनचे थेंब घातल्यावर बाहुली आवळते, पाणी बाहेर पडण्याची वाट मोकळी होते आणि दाब उतरतो. १८७० च्या दशकापासून हे औषध डोळ्यांसाठी वापरात आहे. आज त्याहून सोयीची औषधे निघाल्याने त्याचा वापर कमी झाला, पण संपलेला नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला लाइट दिल्यावर, म्हणजे किरणोपचारानंतर, तोंड कोरडे पडून भाकरीचा घास उतरत नाही. अशा काही रुग्णांना लाळ सुटण्यासाठी हेच औषध गोळीच्या रूपाने देतात. बेथानेकॉल नावाचे दुसरे औषध ऑपरेशननंतर लघवी तुंबली असता पिशवी आवळण्यासाठी वापरतात.

दुसरी तऱ्हा : निचरा मंद करणारी औषधे

याची सुरुवात आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातील कालाबार भागात झाली. तेथे गुन्ह्याचा निवाडा करण्यासाठी आरोपीला एका वेलीची विषारी बी खायला देत. ओकून टाकली आणि जगला तर निर्दोष, मेला तर दोषी! १८५५ साली एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी ती बी थोडीशी स्वतः खाऊन पाहिली आणि जिवावर बेतता बेतता वाचले. पुढे १८६४ साली तिच्यातून फायसोस्टिग्मिन हा पदार्थ वेगळा काढण्यात आला. तो कोलीनेस्टरेजला अडवून धरतो, म्हणजेच चराला आड लावतो.

याचा खरा चमत्कार १९३४ साली लंडनच्या ग्रिनिच येथील सेंट अल्फीज हॉस्पिटलात दिसला. मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाचा एक आजार आहे. त्यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती उलटून स्नायूवरच्या त्या पांढऱ्या मुळ्या खाते, जशी हुमणी उसाच्या खातात. सकाळी माणूस बरा असतो, दिवस कलेल तशा पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसते, घास गिळवत नाही. डॉ. मेरी वॉकर या त्या हॉस्पिटलात साध्या हुद्द्यावर काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी विचार केला की हा आजार क्युरारी नावाच्या बाणाच्या विषबाधेसारखा दिसतो, आणि क्युरारीवर उतारा फायसोस्टिग्मिन. तर मग ते येथे का चालू नये? टोचून पाहिले आणि रुग्णाच्या मिटलेल्या पापण्या उघडल्या. मुळ्या थोड्याच शिल्लक असल्या तरी पाणी जास्त वेळ उभे राहिले, म्हणून तेवढ्यांनी काम भागवले. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिन हे कृत्रिम औषध वापरून दाखविले. आज या आजारात त्याच कुळातील पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या देतात आणि रुग्ण आपापली कामे करतात.

निओस्टिग्मिनची आणखी दोन कामे आपल्या जवळची आहेत. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला पूर्ण भूल देताना स्नायू सैल पडावेत म्हणून क्युरारीच्या जातीचे औषध देतात. ऑपरेशन संपल्यावर रुग्णाने स्वतः श्वास घ्यावा यासाठी पुष्कळ वेळा निओस्टिग्मिन टोचून तो परिणाम उतरवतात. आपल्यापैकी कित्येकांच्या अंगात हे औषध जाऊन आलेले आहे, आपल्याला पत्ताही नाही.

दुसरे काम सर्पदंशातले. नागाचे विष स्नायूवरच्या याच मुळ्या झाकून टाकते. म्हणून पापण्या जड होतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वास बंद पडतो. मुख्य इलाज प्रतिविष, ज्याला आपण 'सापाची लस' म्हणतो, तोच. पण त्याच्या जोडीला ॲट्रोपिन व निओस्टिग्मिन दिल्यास नागाच्या दंशात पुष्कळदा पापण्या उघडू लागतात. मण्यारीच्या दंशात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण मण्यार पाटाचे मुखच फोडते. पाणीच येत नाही तर आड लावून काय होणार? अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर मशीनच्या श्वासावर ठेवून वाचवावे लागते. उसाच्या फडात साप दिसणे नवे नाही. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास म्हणजे याच उपचाराचा गेलेला एक तास, हे तोडणी कामगारांनाही आवर्जून सांगावे.

आता आबांच्या आईकडे वळू. म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमर आजारात मेंदूतील ॲसिटिलकोलीन पुरवणारे पेशीसमूह मरत जातात, पाट आटतो. पाट पुन्हा वाहता करण्याचे औषध अजून निघालेले नाही. पण मेंदूतला निचरा मंद करून आहे त्या पाण्यावर काही काळ भागवता येते. १९९० च्या दशकात डोनेपेझिल आणि रिवास्टिग्मिन ही औषधे त्यासाठी आली. यांनी आजार बरा होत नाही. काही रुग्णांत आठवण, बोलणे, रोजची कामे काही काळ बऱ्यापैकी टिकतात, एवढेच. पण ज्या घरात आई मुलाला 'तू कोण?' असे विचारते, त्या घरात एवढ्यालाही मोल आहे.

मग कीडनाशकाशी नाते काय?

नाते असे : कीटकाच्या शरीरातही हाच पाट, हेच पाणी, हाच चर. आपली दोन मोठ्या गटांतली कीडनाशके त्याचा चरच बुजवतात. एक गट कार्बामेट, त्यात कार्बोफ्युरान येते. दुसरा ऑर्गनोफॉस्फरस, त्यात क्लोरपायरीफॉस येते, फोरेटही त्यातलेच. फोरेटवर आता बंदी असून ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याची विक्री व वापर बंद आहे, हे येथे पुन्हा सांगतो. कोणाच्या घरात जुनी पिशवी पडली असेल तर ती सरीत टाकून 'संपवू' नये.

आबांच्या आईची कॅप्सूल रिवास्टिग्मिनची होती आणि रिवास्टिग्मिन हे रसायनदृष्ट्या कार्बामेटच आहे. म्हणजे नातवाने नेमके सांगितले होते. मग फरक कशात? तीन गोष्टींत.

पहिला फरक मापाचा. ही कॅप्सूल दीड मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि प्रकृती पाहून हळूहळू वाढवतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही औषधाच्या एका लहान चमच्यात सुमारे हजार मिलिग्रॅम विष असते. पदार्थ वेगळे, म्हणून वजनाची थेट तुलना करता येत नाही. पण एक औषध मोजून दिले जाते आणि दुसरे अंगावर किती उडाले याचे माप कोणीच ठेवत नाही, हे तर खरे ना?

दुसरा फरक जागेचा. औषधाची रचनाच अशी करतात की ते मुख्यतः पाहिजे त्या ठिकाणी काम करील. रिवास्टिग्मिन मुख्यतः मेंदूत काम करते. निओस्टिग्मिन मेंदूत फारसे शिरतच नाही. कीडनाशक मात्र कातडीतून, श्वासातून, तोंडातून शिरले की सगळ्या शरीराचा चर एकदम बुजवते.

तिसरा फरक सुटण्याचा. कार्बामेट म्हणजे चरात अडकलेला पाचटाचा बोळा. काही तासांनी आपोआप सुटतो. ऑर्गनोफॉस्फरस म्हणजे चरात ओतलेले सिमेंट. ओले आहे तोवर काढता येते, एकदा घट्ट बसले की नाही. मग शरीराने नवा चर खणावा, म्हणजे नवे विकर तयार करावे, तोवर वाट पाहायची. या रसायनांचा इतिहासही काळा आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नवी कीटकनाशके शोधत असता १९३६ साली त्यांच्या हाती टॅबून लागले, आणि ते कीटकांऐवजी माणसे मारण्याचा युद्धवायू ठरले. तेच शास्त्र, तोच चर.

विषबाधेत काय दिसते आणि डॉक्टर काय करतात

चर बुजला की सर्व अंगात पाणी तुंबते. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस व लाळ, दरदरून घाम, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, नाडी मंद, अंगावर मांस उडू लागते, मग स्नायू लुळे पडतात. मृत्यू येतो तो श्वास बंद पडून. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात. ते पांढऱ्या मुळ्यांवर कागद अंथरावा तसे काम करते : पाणी तुंबलेले असले तरी ग्रंथी, फुप्फुस, हृदय यांना त्याचा ताप होत नाही. छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. परंतु हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर ॲट्रोपिन चालत नाही. त्यांच्या मुळ्या वेगळ्या जातीच्या. म्हणून मशीनचा श्वास लागू शकतो. ऑर्गनोफॉस्फरसमध्ये सिमेंट ओले असतानाच काढण्यासाठी पॅम नावाचे इंजेक्शनही डॉक्टर वापरतात; ते द्यायचे तर लवकर द्यावे लागते.

येथे एक कडक सूचना. धोत्र्यात ॲट्रोपिनच्याच जातीची द्रव्ये असतात असे कोणी वाचलेले असते. म्हणून कोणी घरी धोत्र्याचा रस पाजील तर विषावर विष होईल. कोणत्या बीत किती द्रव्य, हे कोणालाच सांगता येत नाही.

डबा किंवा लेबल डॉक्टरांकडे नेणे अत्यंत महत्त्वाचे. कारण सर्व कीडनाशके चर बुजवणारी नसतात. इमिडाक्लोप्रिड हे पहिल्या तऱ्हेचे, म्हणजे कीटकाच्या शरीरात ॲसिटिलकोलीनची नक्कल करणारे. आपले वाडवडील माव्यावर तंबाखूचा अर्क मारीत, त्यातील निकोटिनही तेच करी. फिप्रोनिलचे काम तिसरेच. ॲट्रोपिन हा यांवरचा उतारा नव्हे. डबा पाहिला तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि वेळ म्हणजेच जीव.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पहिल्या दिवशी घाम, लाळ थांबली, रुग्ण बोलू लागला, की नातेवाईक 'घरी सोडा' म्हणून मागे लागतात. ऑर्गनोफॉस्फरसच्या विषबाधेत एक ते चार दिवसांच्या आत मान उचलता न येणे, श्वास अपुरा पडणे असा दुसरा झटका येऊ शकतो. श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ साली याचे नीट वर्णन केले. म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच रुग्णाला घरी आणावे.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. विषबाधा झाल्यास माणसाला रानातून मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढावेत, साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने स्वतःच्या हाताला विष लागू देऊ नये. मीठपाणी पाजून उलटी काढू नये. प्रवाही औषध फुप्फुसात जाते. कुशीवर निजवावे, १०८ ला फोन करावा, डबा बरोबर द्यावा.

२. घरात कोणी मायस्थेनियाची किंवा विसराळूपणाची वरील औषधे घेत असेल तर त्या व्यक्तीने फवारणी, बेणेप्रक्रिया, दाणेदार औषध टाकणे या कामांत पडू नये. औषधाने चराला आधीच थोडी आड आहे. त्यात भर पडेल.

३. फवारणीनंतर लवकरच ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगावे. भुलीतील सक्सिनिलकोलीन नावाचे औषध रक्तातील कोलीनेस्टरेजच तोडते. ते फवारणीने कमी झालेले असल्यास स्नायू लुळे राहण्याचा वेळ लांबतो. आधी कळले तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात.

४. ही औषधे घेणाऱ्यास मळमळ, जुलाब, नाडी मंद होणे, चक्कर असे काही जाणवल्यास डॉक्टरांना कळवावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. बंद पडले असेल तर स्वतःच्या मनाने चालूही करू नये.

हा शेवटचा मुद्दा मी आबांमुळेच शिकलो. सगळे समजावून सांगितल्यावर आबा म्हणाले, "मग आज रात्रीपासून देतो परत." मीही 'द्या की' म्हणणार होतो. पण काय मनात आले कोणास ठाऊक, म्हटले, आधी डॉक्टरांना फोन करू. फोन लावला तर डॉक्टर म्हणाले, "थांबा. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर आधीचं वाढवलेलं माप एकदम द्यायचं नाही. शरीराची सवय मोडलेली असते, जोराच्या उलट्या होतात. पहिल्यासारखं लहान मापापासून सुरू करू, जेवणाबरोबर द्या." माझ्या अर्ध्या ज्ञानाने त्या माउलीला त्रास झाला असता. शेतीत आम्ही तुम्हांला सांगतो ना, की दुकानदाराच्या नव्हे, शेतकी खात्याच्या सल्ल्याने मात्रा ठरवा? तोच नियम मला लागू झाला.

महिन्याभराने मी त्यांच्या रानात लागण पाहायला गेलो, तेव्हा घरी चहाला थांबलो. आई ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मला त्यांनी दोन वेळा विचारले, "कुणाचा रं तू?" सुनेला मात्र नावाने हाक मारून चहा ठेवायला सांगितला. आबा हळू आवाजात म्हणाले, "एवढं हाय तवर गोड."

उठता उठता माझे लक्ष खुंटीखालच्या कोनाड्याकडे गेले. आईच्या कॅप्सूलची पट्टी, खोकल्याची बाटली, आणि त्यांच्या शेजारी थंड पेयाच्या जुन्या बाटलीत उरलेले क्लोरपायरीफॉस. बाटलीला बूच होते, लेबल नव्हते. मी काही बोललो नाही, नुसते बोट केले. आबांचा चेहरा उतरला. जिला चहा घेतलेला आठवत नाही, तिला बाटलीत काय आहे हे कसे आठवणार?

त्याच दिवशी रानातल्या खोपीत एक जुनी पत्र्याची पेटी कुलूप लावून ठेवली गेली आणि ती बाटली तिच्यात गेली. वर कागद चिकटवून लाल शाईने नाव लिहिले. सभासद बंधूंनो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपण उठून आपल्या घरातला कोनाडा एकदा बघावा, एवढीच विनंती.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग